सिझेरियननंतर शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी विमा आणि कॅलिफोर्नियाची एसडीआय: काही महिन्यांनंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या आणि बाळाची वाट पाहणाऱ्या मराठी मुलींसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. २०२५ मध्ये माझं सिझेरियन झालं. राज्याची एसडीआय (स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे आजारपणात किंवा बाळंतपणात काम करता येत नसताना पगाराचा काही भाग देणारी सरकारी योजना) आणि त्याच कामासाठी कंपनीमार्फत घेतलेला खासगी शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी विमा, दोन्हींकडे क्लेम केला. आता कामावर परतून काही महिने झालेत.

खरा भार एसडीआयनेच उचलला. पगाराच्या स्लिपवर 'सीए एसडीआय' म्हणून जी कपात दिसते (२०२५ मध्ये १.२ टक्के), ती याचीच. कमी पगार असेल तर पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतात, बाकीच्यांना ७० टक्के. २०२५ ची आठवड्याची कमाल रक्कम १,६८१ डॉलर. हे पैसे साधारणपणे डिलिव्हरीच्या तारखेआधी ४ आठवडे, नंतर नॉर्मलला ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे मिळतात. पहिल्या ७ दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मग बाळासोबत राहण्यासाठी राज्याच्याच पेड फॅमिली लीव्हचे (पगारी कौटुंबिक रजेचे) ८ आठवडे वेगळे, आणि ते बाळाच्या बाबालाही मिळतात. एच-१बी व्हिसा (कामाचा तात्पुरता व्हिसा) आहे म्हणून अडत नाही. कपात झालेली असली आणि मिळकतीची अट बसली की पुरे. क्लेम मात्र रजा सुरू झाल्यावर ९ दिवसांनी करायचा आणि ४९ दिवसांच्या आत. डॉक्टरांच्या ऑफिसने त्यांचा भाग भरला का, हे फोन करून विचारत राहा. तिथेच अडकतं.

आता विमा. एचआरच्या स्लाइडवर 'पगाराच्या ६० टक्के' असं ठळक लिहिलेलं असतं. पॉलिसीत आत 'अदर इन्कम बेनिफिट्स' (इतर ठिकाणाहून मिळणारे पैसे) नावाचा परिच्छेद असतो, तो आधी वाचा. राज्याकडून मिळणारी रक्कम विमा कंपनी त्या ६० टक्क्यांतून वजा करते. उदाहरणादाखल आठवड्याचा पगार ३,००० डॉलर धरा. ६० टक्के म्हणजे १,८००. राज्याचे १,६८१ गेले की विम्याकडून उरतात ११९ डॉलर. आठवड्याचा पगार साधारण २,८०० च्या खाली असेल, तर हिशेबाने काहीच उरत नाही, फार तर पॉलिसीत लिहिलेली किमान रक्कम. राज्यच ७० टक्के देतंय, मग ६० टक्क्यांच्या विम्याने भरायला जागाच कुठे राहते? आणि हे सगळं शरीर सावरण्याच्या आठवड्यांपुरतं. फॅमिली लीव्हच्या ८ आठवड्यांत विमा एक डॉलरही देत नाही, कारण तेव्हा तुम्ही आजारी नसता.

मला सगळ्यात खटकलं ते हे: राज्याचा निर्णय यायच्या आधीच विमा कंपनीने अंदाजाने रक्कम कापली. नियमात बसतं, पॉलिसीत तसं लिहिलंय. पण टाके ओले असताना राज्याचं पत्र अपलोड करून फरक मागत बसणं फार जड जातं. उलट दिशेने तसं होत नाही. खासगी विम्याचे पैसे मिळाले म्हणून राज्य आपली रक्कम कमी करत नाही.

यातलं काहीही नोकरी राखत नाही, फक्त पैसे देतं. नोकरी राखतात ते वेगळे कायदे: पीडीएल (कॅलिफोर्नियाची गरोदरपण-बाळंतपणाची रजा), सीएफआरए (कॅलिफोर्नियाचा कौटुंबिक रजेचा कायदा), एफएमएलए (तसाच केंद्राचा कायदा). एचआरला मेल लिहिताना यांची नावं घालाच. पुण्यात माझ्या नणंदेला कंपनीने २६ आठवडे पूर्ण पगार दिला आणि प्रश्न मिटला. इथे पैसा एकीकडून, हक्क दुसरीकडून, आणि ते जुळवायचं काम ओल्या बाळंतिणीचं. याचा मला मनापासून राग येतो.

ओपन एनरोलमेंटमध्ये (वर्षातून एकदा कंपनीच्या विमा योजना निवडायच्या काळात) मी खिशातून भरायचा वाढीव हप्ता बंद केला, कंपनी फुकट देते तेवढाच विमा ठेवला. टेक्ससमधल्या मैत्रिणीला मात्र घ्यायलाच सांगितलं. तिथे राज्याची योजनाच नाही, त्यामुळे वजा व्हायला काही नाही. न्यूयॉर्कला योजना आहे, पण २०२५ मध्ये डिसॅबिलिटीची कमाल आठवड्याला १७० डॉलर होती. तिथे असाल तर हा विमा सोडू नका.