मस्कतहून जहाजाने आणलेला संसार : नाशकातल्या नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये मस्कतहून नाशिकला कायमचे परत आलो. अकरा वर्षांचा संसार ४६ खोक्यांत बसला, मापाने नऊ घनमीटर. निघायच्या आधी मी इतरांचे अनुभव खूप शोधले, पण बहुतेकांनी सामान घरी आल्या आठवड्यातच लिहिलेलं असायचं. काय फुटलं, किती पैसे गेले, एवढंच. आणलेल्यातलं पुढे काय वापरात राहिलं, हे कुणीच सांगत नव्हतं. आता इथली थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा बघून झाला आहे, म्हणून लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. पुन्हा आणायचं झालं तर मी यातलं निम्मंच आणेन. पांघरुणं, भांडी, सायकली नक्की आणेन. विजेवर चालणारं जवळजवळ सगळं तिथेच विकून येईन.

नियमांचं थोडक्यात. आमचं सामान तेव्हाच्या, २०१६ च्या बॅगेज नियमांखाली, ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’मध्ये, म्हणजे परदेशातून मुक्काम हलवून परतणाऱ्यांच्या सवलतीत सुटलं. आमच्या वेळी, २०२४ मध्ये, परदेशात सलग किमान दोन वर्षं राहिलेल्या माणसाला वापरलेलं घरगुती सामान ५ लाख रुपयांपर्यंत करमाफीत आणता यायचं. पण मागच्या दोन वर्षांत भारतात सुट्टीवर घालवलेले दिवस एकूण सहा महिन्यांच्या वर जाऊन चालत नव्हतं. ही अट आमच्या अगदी शेवटी लक्षात आली. मी आणि मुलं दरवर्षी शाळेच्या सुट्टीत दीड-दोन महिने नाशिकला यायचो, वर एखादं लग्न, एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पासपोर्टवरचे शिक्के काढून मोजायला बसलो तर माझे दिवस काठावर आले. नवऱ्याला सुट्टी कमी मिळायची, त्याचे दिवस निम्मेही नव्हते. म्हणून अर्ज त्याच्या नावाने केला. तुम्हीही हे मोजमाप तिकिटं काढायच्या आधी करा.

टीव्ही या माफीत बसत नव्हता. ३०० लिटरच्या वरचा फ्रिज आणि डिशवॉशरही नव्हते. आमचा फ्रिज ४१० लिटरचा होता, तो आणि टीव्ही तिथेच विकले. या दोन्हींचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. सोन्याचंही ऐकून ठेवा. वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या बाईला ४० ग्रॅमचे दागिने चालतात असं सगळे सांगायचे, पण आमच्या वेळी त्याला १ लाख रुपयांची मर्यादाही होती, आणि सोन्याच्या तेव्हाच्या भावात ती कितीतरी आधी भरायची.

एजंटचं नाव घेत नाही. बोलणं ‘घरापर्यंत’ असं झालं होतं. प्रत्यक्षात मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात सामान उतरल्यावर बंदराचे, कागदपत्रांचे, गोदामाचे असे खर्च वेगळे लागले आणि ठरलेल्या रकमेवर जवळजवळ तिसरा हिस्सा आणखी गेला. भारतातल्या बंदरावरचे सगळे खर्च धरून लेखी भाव घ्या, कितीही घाई असली तरी. दुसरं म्हणजे विमा. आमच्या पॉलिसीत, आपण स्वतः भरलेल्या खोक्यांमधली फूटतूट धरली जाणार नाही अशी अट होती. काचेची खोकी मीच भरली होती, कारण माझ्या हातावर माझा जास्त विश्वास होता. सहा मोठ्या प्लेटा आणि लोणच्याची एक बरणी फुटली, त्याचं काही मिळालं नाही.

आता उशीर. मस्कतचं मालवाहू बंदर २०१४ मध्येच सोहारला, ओमानमधल्याच दुसऱ्या शहरात हललं, म्हणून सामान आधी तिथवर न्यावं लागतं. आमच्यासारखं थोडं सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातं आणि तो भरल्याशिवाय निघत नाही. आम्हाला पंधरा ते वीस दिवस सांगितले होते. १४ ऑक्टोबरला घरातून निघालेलं सामान इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पोहोचलं २६ नोव्हेंबरला. मध्ये दिवाळी.

या दिवाळीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त हळहळ मला तिचीच वाटते. मस्कतला आमची दिवाळी जवळच्या शुक्रवारी व्हायची. शनिवारी सुट्टी असायची, मग मराठी घरं एकत्र जमायची, कुणी चकल्या, कुणी चिरोटे. भाऊबीजेला दीड तासाच्या फरकाचा हिशेब करून व्हिडिओ कॉलवर ओवाळणी. मुलांनी नाशकातली दिवाळी कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या सुट्ट्या पावसाळ्यात यायच्या, त्यामुळे त्यांच्या मनातलं नाशिक म्हणजे सोमेश्वरचा धबधबा, त्र्यंबकच्या वाटेवरचे हिरवे डोंगर आणि न वाळणारे कपडे. पहिल्यांदाच दिवाळीला येतोय म्हणून मी वर्षभर ठरवत होते, कंदील कुठला लावायचा, रांगोळी कुठली काढायची.

आम्ही २४ ऑक्टोबरला उतरलो, २८ ला वसुबारस होती. आणि माझा सोऱ्या, समई, लक्ष्मीपूजनाचं तबक, रांगोळीचे छाप, मुलांनी तिथे बनवलेला कंदील, हे सगळं समुद्रावर. मी ‘देवघर आणि सणाचं’ असं नीट लिहून बारा नंबरचं खोकं केलं होतं आणि ते जहाजाच्या ढिगात ठेवलं होतं. तो पितळी सोऱ्या माझ्या लग्नात भांडी बाजारातून घेतलेला. अकरा दिवाळ्या मस्कतला केल्या आणि बाराव्या दिवाळीला तो घरी परतताना वाटेत राहिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून सोऱ्या आणला, स्वतःची जुनी समई घासून दिली. रिकाम्या हॉलमध्ये चटईवर बसून आम्ही फराळ केला. मुलीने विचारलं, “आजी, आपलं घर अजून आलं नाही का?” त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं होतं. देवाचं आणि सणाचं सामान विमानाच्या बॅगेत आणा. चार कपडे कमी आणा, पण हे आणा.

विजेच्या वस्तूंमध्ये माझं सगळ्यात जास्त चुकलं. ओमानमध्ये २४० व्होल्ट, आपल्याकडे २३०, दोन्हीकडे ५० हर्ट्झ, तेव्हा यंत्रं चालतात हे खरं. पण तिथल्या पिना चौकोनी, ब्रिटिश पद्धतीच्या, आणि प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज, जास्तीत जास्त १३ अँपिअरचा. मी दुकानातून स्वस्तातले अडॅप्टर आणले. तिसऱ्याच दिवशी ३००० वॉटची किटली अडॅप्टर लावून साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालू केली आणि जळका वास सुटला. सॉकेटचं प्लास्टिक वितळलं होतं. मुलगी त्याच ओट्याशी उभी होती, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून जास्त वॉटच्या सगळ्या वस्तूंना १६ अँपिअरचे प्लगटॉप बसवून घेतले आणि ओट्यावर एक पॉवर पॉइंट वाढवला. अडॅप्टर फेकून दिले. तुम्ही हे काम पहिल्या दिवशीच करून घ्या.

वॉशिंग मशीन फेब्रुवारीत बंद पडलं. आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं होतं, आणि आखाती मॉडेलचं कार्ड इथे मिळत नाही असं दोन मेकॅनिकनी सांगितलं. मागवायचं म्हटलं तर खर्च नव्या मशीनच्या जवळ जात होता. ते भंगारात दिलं. व्हॅक्यूम क्लीनर चालतो, पण इथल्या फरशीला झाडू-पोछाच बरा पडतो, तो महिन्यातून एकदा निघतो. ओव्हन चांगला आहे, पण जागा एवढी अडवतो की आणला नसता तर चाललं असतं. मिक्सर मात्र ठणठणीत आहे. मूळचा इथलाच, मस्कतला गेल्यावर त्याचा प्लग बदलला होता, आता परत बदलला. त्याचे सुटे भागही इथे सहज मिळतात.

आता ज्यांनी खरी सोबत केली त्यांच्याबद्दल. आखातातून येणारी ती जाड, दुपदरी, फुलाफुलांची ब्लँकेटं तुम्ही पाहिली असतील. मस्कतला एसीत झोपायची सवय म्हणून आमच्याकडे चार होती. आणायची की नाही यावर बराच वाद झाला, कारण एकेका ब्लँकेटला आख्खं खोकं लागत होतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा १० अंशांच्या खाली उतरला की काय होतं, ते पावसाळ्यातच येणाऱ्या मुलांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विसरले होते. आमच्या खोलीला पूर्वेकडून गार वारा येतो. त्या दोन महिन्यांत चारही ब्लँकेटं रोज वापरली, एक सासूबाईंनी कायमचं नेलं. धुणं जड जातं, पिळायला दोघं लागतात आणि गच्चीवर दोन कडक उन्हं तरी हवीत. होळीनंतर धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली आहेत. सगळ्या सामानात पैसे वसूल झाले ते यांच्यावर.

मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातून घेतलेला गालिचा थंडीत सुंदर वाटला. जूनपासून मात्र त्याला कुबट वास येऊ लागला. आता गुंडाळून, कापडात बांधून कपाटावर आहे. पावसाळ्यात तो पसरायची चूक करू नका.

लोबान मी फक्त आठवण म्हणून आणला होता, दक्षिण ओमानातल्या ढोफारचा, दोन किलो. सासूबाईंना तो इतका आवडला की रोज दिवेलागणीला त्या मातीच्या ओमानी धुपाटण्यात निखाऱ्यावर दोन खडे टाकतात. घराला आता सांजवेळी मस्कतचा वास असतो आणि समोर शुभंकरोती चालू असते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण काय द्यायचं ठरत नव्हतं, तेव्हा त्यांनीच सुचवलं आणि मी लोबानाच्या छोट्या पुड्या बांधल्या. रथसप्तमीपर्यंत निम्मा लोबान संपला. इमारतीतल्या बायकांशी माझी खरी ओळख त्या पुड्यांमुळे झाली, अजूनही कुणी ना कुणी विचारतं, अजून आहे का. परवाच्या दीप अमावास्येला सगळे दिवे घासून पाटावर मांडले, तेव्हा सासूबाईंनी ते धुपाटणंही पुसून समईशेजारी ठेवलं.

मुलांच्या सायकली आणल्या याचं समाधान आहे. मस्कतला वर्षातले पाच महिने उन्हामुळे बाहेर काढताच यायच्या नाहीत, टायर कडक होऊन चिरले होते. इथे टायर-ट्यूब बदलल्या, खाऱ्या हवेने चढलेला चेनचा गंज काढला आणि आता रोज शाळेला जातात. द्राक्षांच्या दिवसांत बाप-लेक मखमलाबादच्या बाजूला बागा बघायला सायकलवरच गेले होते. मस्कतच्या दुकानात खोक्यावर ‘नाशिक’ वाचून मुलगा हट्टाने द्राक्षं घ्यायला लावायचा. वेलीवरचा घड त्याने या फेब्रुवारीत पहिल्यांदा पाहिला.

आणि रंगपंचमी. तिथे आम्ही सोयीच्या शुक्रवारी रंग खेळायचो. नाशकात धुळवडीला शांतता आणि खरा रंग पंचमीला, हे मुलांना पटेना. जुन्या नाशकात रस्त्याखाली दगडी बांधणीच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे मोठे हौद आहेत. वर्षातून एकदा उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि सण झाला की परत बुजवतात. नवरा पंचवटीतल्या वाड्यात वाढलेला. १९ मार्चला त्याने मुलाचा हात धरून रहाडीत धप्पा मारला, वर आला तेव्हा दोघं ओळखू येत नव्हते. मुलाचा तो रंग लागलेला शर्ट मी मुद्दाम धुतलेला नाही.

पुस्तकांची सहा खोकी आणली, त्यातली तीन अजून माळ्यावर बंद आहेत. कारण शाळा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, केंद्रीय बोर्डाच्या शाळांतही. आमच्या मुलांना तिथे मराठी विषय नव्हता. बोलायची घरात सवय होती, लिहायची नाही. सातवीतल्या मुलाला पहिले तीन महिने फार जड गेले, एकदा तो वही टाकून रडला. चौथीतली लेक लवकर रुळली. तिला १८४० पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेले, आता दर आठवड्याला तिथून पुस्तक आणते आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवते. जोडाक्षराला अडते, आजी थांबते. परतायचं ठरल्या दिवसापासून मुलांना रोज अर्धा तास मराठी लिहायला बसवायला हवं होतं. त्याला जहाज लागत नव्हतं, खर्चही नव्हता, आणि तेच माझ्याकडून राहिलं.

कुणी दिवाळीला परतणार असेल तर एक हिशेब. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. माणूस येण्याआधी दोन महिन्यांपर्यंत सामान बंदरात उतरलेलं २०१६ च्या नियमांत चालायचं, तेव्हा अशा दिवाळीसाठी ते ऑगस्टअखेर रवाना करा आणि शेवटचे काही आठवडे तिथे उसन्या गादीवर काढा. आम्ही उलटं केलं. माझ्या मैत्रिणीला मी हेच कळवलं आहे, ती सप्टेंबरच्या शेवटी येते आहे. तिचं सामान पुढच्या आठवड्यात भरलं जाईल, सोऱ्या तिने बाजूला काढून ठेवला आहे.