गिरणगावाच्या वाचकासाठी अमेरिकेचे दप्तर : लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहाचे परीक्षण

औद्योगिकीकरणाच्या काळात अमेरिकेतील शहरे कशी वाढली आणि ती वाढवणारे स्थलांतरित कोण होते, हा विषय सोलापुरात बसून शिकवताना किंवा शिकताना पुराव्याची उणीव सतत जाणवते. पाठ्यपुस्तकात कायद्यांची नावे व जनगणनेचे आकडे मिळतात. मात्र एका खोलीत सात-आठ माणसांचे कुटुंब राहत होते ती खोली कशी होती, गिरणीच्या फाटकातून पहाटे आत जाणाऱ्या मुलींची वये काय होती, हे त्यातून कळत नाही. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुला केलेला छायाचित्रे, नकाशे, वृत्तपत्रे आणि चित्रफितींचा संग्रह ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढतो. इतिहास शिकवताना मी तो बराच काळ वापरत आलो आहे, आणि आपल्या गिरणगावातील वाचकाला त्यात काय सापडेल व कोणत्या ठिकाणी सावध राहावे लागेल, ते येथे मांडत आहे.

सेवेच्या स्वरूपाविषयी थोडक्यात सांगायचे तर, पाहण्यासाठी व उतरवून घेण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि शुल्कही नाही. बहुतेक छायाचित्रे लहान, मध्यम व फार मोठ्या अशा निरनिराळ्या आकारांत मिळतात, आणि प्रत्येक वस्तूसोबत तिच्या वापराच्या हक्कांची नोंद दिलेली असते. सर्व मांडणी इंग्रजीत आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला कोणीतरी शेजारी बसून दाखवून द्यावे लागते.

या संग्रहातील सर्वांत मौल्यवान भाग माझ्या मते लुईस हाइन यांची छायाचित्रे हा आहे. बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीने १९०८ मध्ये हाइन यांना नेमले आणि पुढील सुमारे दीड दशकात त्यांनी गिरण्या, खाणी, काचकारखाने, मासळीचे कारखाने आणि शहरांतील कोंदट घरे येथे काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ५,००० हून अधिक येथे उपलब्ध आहेत. व्यवस्थापक आत येऊ देत नसत म्हणून हाइन कधी विमा प्रतिनिधी, तर कधी पोस्टकार्ड विकणारे बनून आत शिरत. छायाचित्राखालची टिपणे त्यांनी स्वतः लिहिलेली आहेत, आणि अभ्यासाच्या दृष्टीने त्यांची किंमत चित्रांइतकीच आहे. ठिकाण, महिना, वर्ष, मुलाचे वय, किती दिवसांपासून कामाला आहे, आठवड्याला काय मिळते, कधी उंचीसुद्धा, अशी ती नोंद असते. दक्षिण कॅरोलायनातील लँकेस्टर येथे १९०८ मध्ये टिपलेल्या, सूतगिरणीच्या यंत्रांसमोर उभ्या असलेल्या एका मुलीची उंची ४८ इंच दिली आहे. एवढा एक आकडा वाचून वर्ग शांत होतो, आणि त्यानंतर कायद्यांची चर्चा निराळ्या गांभीर्याने होते.

येथेच सावधगिरीची पहिली सूचना द्यावीशी वाटते. लँकेस्टरची ती मुलगी स्थलांतरितांच्या इतिहासाचा पुरावा म्हणून चालणार नाही, कारण दक्षिणेकडील राज्यांतील सूतगिरण्यांत प्रामुख्याने आसपासच्या खेड्यांतून आणि डोंगराळ भागातून आलेली स्थानिक गोरी कुटुंबे राबत होती. परदेशातून आलेले मजूर पाहायचे असतील तर उत्तरेकडे, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स, लोवेल, फॉल रिव्हर आणि न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथील चित्रे काढली पाहिजेत. तेथे फ्रेंच कॅनेडियन, आयरिश, इटालियन, पोलिश, लिथुआनियन आणि सीरियन कुटुंबे होती. ‘गिरणी’ व ‘मुले’ असे दोनच शब्द देऊन शोध घेतला, की दोन्ही प्रदेश एकत्र येतात आणि निष्कर्ष चुकतो. राज्याचे नाव शोधात घालणे ही साधी गोष्ट आहे, पण तिच्यावर सगळे अवलंबून आहे.

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जवळची वाटणारी चित्रे मात्र गिरण्यांची नाहीत. न्यूयॉर्कमधील पाच-सहा मजली भाड्याच्या इमारतींत घरबसल्या चालणाऱ्या कामाची छायाचित्रे हाइन यांनी १९११ व १९१२ च्या सुमारास घेतली. स्वयंपाकाच्याच टेबलाभोवती आई, आजी आणि तीन-चार मुले बसून कागदी-कापडी फुले बनवत आहेत, कपड्यांना शेवटचे टाके घालत आहेत किंवा अक्रोड फोडून गर काढत आहेत, आणि दिवा मध्ये ठेवलेला आहे. माल मालकाचा, जागा, उजेड आणि वेळ कामगाराची, मजुरी नगावर. ही व्यवस्था सोलापूरच्या पूर्व भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तेंदूपाने आणि तंबाखू घरी आणायची, भिजवलेली पाने कापून विड्या वळायच्या आणि मोजून कारखान्यात द्यायच्या, यावर येथील हजारो घरे चालली आहेत, आणि त्या घरांतील मुली आमच्या वर्गात बसतात. त्या मुली या चित्रांकडे पाहून जे प्रश्न विचारतात, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात नसतात : नग बाद कोण ठरवत असे, बाद नगाचे पैसे कापले जात का, मुलाने केलेले काम आईच्या नावावर लागत असे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाइन यांच्या टिपणांत अनेकदा मिळते, कारण संपूर्ण कुटुंबाची मिळून कमाई किती, हे ते विचारून लिहीत.

या संग्रहाचा दुसरा मोठा आधार म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. १८६७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आगीच्या विम्यासाठी शहरांचे नकाशे काढत असे. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोचा मोठा भाग जळून गेल्यावर अशा नकाशांची गरज वेगळी पटवून द्यावी लागली नसणार. एक इंच म्हणजे ५० फूट या प्रमाणावर प्रत्येक इमारत काढलेली असते. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी, अशी रंगांची पद्धत आहे. मजले किती, दुकान की राहते घर, गिरणीत रात्रीचा पहारेकरी आहे का, दिवे कशाचे, आग विझवण्याची सोय काय, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. १२,००० हून अधिक गावे-शहरांची अंदाजे सात लाख पाने या ग्रंथालयाकडे आहेत, आणि त्यांपैकी फार मोठा भाग संकेतस्थळावर आला आहे.

हे नकाशे नुसते चाळून फारसे हाती लागत नाही. त्यांचा खरा उपयोग एकाच शहराच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्यावर होतो. शिकागोची लोकसंख्या १८५० मध्ये सुमारे ३०,००० होती, १८९० मध्ये ती सुमारे ११ लाख झाली आणि १९१० मध्ये सुमारे २२ लाख; हे आकडे फळ्यावर लिहिता येतात. मात्र रिकामे भूखंड पिवळ्या लाकडी घरांनी भरतात, मग त्याच घरांच्या मागच्या अंगणात आणखी घरे उभी राहतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वस्ती दाटणे म्हणजे काय, ते समजत नाही. लॉरेन्सच्या पानांवर मेरिमॅक नदी आणि तिला समांतर काढलेला कालवा यांच्या मधल्या पट्ट्यात गिरण्यांच्या लांबच लांब गुलाबी इमारती दिसतात, तर कालव्याच्या पलीकडे दाटीवाटीची पिवळी घरे. मालकाने आपल्या यंत्रांना वीट दिली आणि कामगाराच्या वाट्याला लाकूड आले, हे नकाशाच स्पष्ट सांगतो.

लॉरेन्स हे शहर मी मुद्दाम निवडतो. पाणशक्तीवर गिरण्या चालवण्यासाठी १८४५ पासून वसवलेले हे शहर १९१० मध्ये सुमारे ८६,००० लोकसंख्येचे झाले होते. १८७० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि तेलंगणातील विणकरांसह अनेक भाषांची माणसे जिथे एकत्र आली, त्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्याची घडण चटकन कळते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने १ जानेवारी १९१२ पासून स्त्रिया व मुलांच्या कामाचे आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले, तेव्हा मालकांनी त्या प्रमाणात पगारही कापला. पगाराची पाकिटे हातात पडताच पोलिश स्त्रियांनी माग थांबवले आणि दोन महिने चाललेला संप सुरू झाला. संपकऱ्यांच्या सभांत भाषणे अनेक भाषांत करून सांगावी लागत. संपकऱ्यांची मुले न्यूयॉर्कला सुरक्षित घरी पाठवली गेली, त्या मुलांची छायाचित्रे याच संकेतस्थळावर बेन वृत्तसंस्थेच्या संग्रहात आहेत. मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीसमोर कॅमेला टिओली या इटालियन कुटुंबातील मुलीने केस यंत्रात अडकून टाळू सोलली गेल्याची साक्ष दिली. त्या काळची वृत्तपत्रेही याच ठिकाणी वाचता येतात. एकाच घटनेचा नकाशा, चित्रे आणि बातम्या एका जागी मिळणे, ही या सेवेची सर्वांत मोठी गुणवत्ता मी मानतो.

वृत्तपत्रांच्या विभागाविषयी मात्र माझे मत मिश्र आहे. मजकुरातील शब्द शोधता येतात, पण जुन्या, पुसट छपाईचे यंत्राने केलेले वाचन पुष्कळदा अशुद्ध असते. पोलिश किंवा इटालियन आडनावे तर त्या काळच्या इंग्रजी बातमीदारांनीच मनाला येईल तशी लिहिली आहेत, त्यामुळे एकाच स्पेलिंगने शोधून थांबणे चुकीचे ठरते. जर्मन, इटालियन, पोलिश अशा भाषांतील वृत्तपत्रेही संग्रहात आहेत. ती वाचण्याचे कष्ट घेणे आवश्यक आहे, कारण उरलेल्या साहित्यात एक मोठी उणीव आहे. हाइन हे कायदा बदलण्यासाठी पुरावा गोळा करत होते, सॅनबॉर्नचे मोजणीदार विमा कंपन्यांसाठी जोखीम मोजत होते, वृत्तसंस्था चित्रे विकत होती. स्थलांतरित माणूस या सर्वांच्या नोंदीत आहे, पण तो स्वतः बोलत नाही. त्याची दया येते, त्याचे आकडे मिळतात. त्याच्या भजनी मंडळासारख्या संस्था, त्याचे सण, गावी पाठवलेले पैसे यांविषयी येथे तुलनेने कमी सापडते, आणि ते त्याच्याच भाषेतील वृत्तपत्रांतून शोधावे लागते. जुन्या शीर्षकांतील काही शब्द आज अपमानास्पद वाटतात. ग्रंथालयाने मूळ नोंद जशीच्या तशी ठेवली आहे, आणि संशोधनासाठी ते योग्यच आहे, परंतु शिक्षकाने चित्र दाखवण्याआधी त्याची कल्पना द्यावी.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरच्या, स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या केंद्राविषयी अनेकांची एक चुकीची अपेक्षा असते. १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झालेल्या या केंद्रातून १९५४ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसे देशात आली. तेथील तपासणी, डोळे पाहण्याची रांग आणि सामानाची गाठोडी यांची उत्तम छायाचित्रे व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील छोट्या चित्रफिती येथे पाहता येतात. एखाद्या प्रवाशाचे नाव जहाजाच्या यादीत शोधायचे असेल तर मात्र हे संकेतस्थळ उपयोगाचे नाही. त्यासाठी एलिस बेटाच्या प्रतिष्ठानाची वेगळी शोधसेवा आहे. आशियातून गेलेल्यांची कहाणीही निराळी आहे : १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना आणि १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेश बंद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते ते हेच, स्थलांतरितांनी गजबजलेले न्यूयॉर्क. त्यांच्या तेथील वर्षांविषयी आस्था असलेल्या वाचकाने त्या शहराच्या रस्त्यांची त्या काळातील छायाचित्रे आवर्जून पाहावीत.

वापराविषयी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. ‘इमिग्रेशन’ असा मोघम शब्द देऊन शोध सुरू केला तर हजारो वस्तू समोर येतात आणि विद्यार्थी कंटाळतो. शहराचे नाव, राज्य आणि वर्ष ठरवूनच आत जावे. वर्गात पडद्यावर दाखवण्यासाठी मध्यम आकाराचे चित्र पुरते. भिंतीवर लावण्यासाठी छपाई करून घ्यायची असेल तर सर्वांत मोठी फाईल उतरवावी, परंतु ती फार जड असल्याने मोबाइलच्या डेटावर तो प्रयत्न करू नये. शहरातील एका छपाईवाल्याने माझ्या एका मोठ्या चित्राच्या कडा मापात बसवण्यासाठी कापून टाकल्या आणि त्यासोबत हाइन यांचे टिपणही गेले, म्हणून छपाईला देताना टिपण चित्राखाली स्वतंत्र ओळीत टाइप करून द्यावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना, माध्यमिक शाळेतील इतिहासशिक्षकांना आणि गिरणी कामगारांच्या इतिहासावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी या सेवेची मनापासून शिफारस करतो. सुरुवात लॉरेन्सपासून करावी, आधी नकाशा, मग हाइन यांची १९११ ची छायाचित्रे आणि शेवटी जानेवारी १९१२ ची वृत्तपत्रे, या क्रमाने.