धम्मानंद, मरकळ : दहा दिवसांच्या विपश्यना कोर्सचा रिव्ह्यू

मरकळला नक्की काय असतं, शांती वगैरे खरंच मिळते का, असं ऑफिसात आणि सोसायटीत बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मला कोर्स मनापासून आवडला. पण रिसॉर्टवर जाऊन रिलॅक्स व्हायच्या हिशोबाने जाणार असाल तर जाऊ नका, तिथे मेहनत असते आणि ती ज्याची त्यालाच करावी लागते.

सेंटर आळंदीपासून ८ किमीवर, मरकळ गावाजवळ. परंपरा सत्यनारायण गोएंका गुरुजींची, म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र ज्यांनी उभं केलं ते. मूळचे म्यानमारचे, तिथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले. २०१३ मध्ये ते वारले, पण सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन अजूनही त्यांच्या रेकॉर्डिंगवरच चालतं. समोर सहायक आचार्य असतात, शंका त्यांना विचारायच्या.

आत गेलं की मोबाईल जमा, पुस्तकं नाहीत, वही-पेन नाही, आणि शेवटच्या दिवसापर्यंत मौन, खाणाखुणासुद्धा चालत नाहीत. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला ध्यान सुरू, रात्री ९ पर्यंत कार्यक्रम. लोक मौनाला फार घाबरतात, मला तर तीच सगळ्यात सुखाची गोष्ट वाटली, कोणासाठी चेहरा हसरा ठेवायचा नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही, जेवताना घास नुसता चावायचा.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. श्वास जसा येतोय तसा बघायचा, लांब करायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र नाही, नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे तिथे काय जाणवतंय ते बघायचं बस. दोन-चार श्वास होतात तोवर मन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, मुलाच्या फीकडे, कोणीतरी कधीतरी लागेल असं बोललं होतं त्याच्याकडे. कळलं की परत श्वासावर यायचं, चिडायचं नाही. मन भटकलंय हे कळतं तो क्षण पूर्ण आत्ताचा असतो, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सची किंमत त्या क्षणात आहे, दिवसभरात तो जितक्या वेळा येईल तितकं आतून हलकं वाटत जातं.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि रोज तीन वेळा अधिष्ठान, म्हणजे एक तास हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा इतका ठणकायचा की उठून जावंसं वाटायचं. तसाच बघत राहिलो तेव्हा दिसलं की तिथे सलग असं दुखणं नाहीचे, एक चमक येते, जरा गरम होतं, थांबतं, मग दोन बोटं बाजूला दुसरीकडे सुरू होतं. आणि निम्मा त्रास तर अजून किती वेळ राहिलाय याचाच होता, म्हणजे जो वेळ अजून आलाच नाही त्याचा! तो विचार गळून पडला तेव्हा गुडघा दुखतच होता, पण माझं त्याच्याशी भांडण संपलं होतं. ही शांती मला आधी माहीतच नव्हती.

जेवण साधं शाकाहारी, शेवटचं जेवण ११ वाजताचं, संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा आणि थोडं खायला, जुन्यांना, म्हणजे आधी कोर्स केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. दोन दिवसांत पोटाला सवय होते. फी नाही, राहणं-खाणं सगळं आधीच्या साधकांच्या दानातून, आणि तुमचं दान कोर्स पूर्ण झाल्यावरच घेतात, आधी देऊ केलंत तरी नाही. वाढणारे धम्मसेवकही बिनपगारी. हे बघून मला खरंच भरून आलं.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. माझ्यात फरक पडला तो आईच्या फोनला. ती तेच तेच सांगते आणि पूर्वी मी हं हं करत लॅपटॉप बघायचो, आता ऐकतो, बोलता बोलता ती दम खायला कुठे थांबते ते कळतं, गुडघे जास्त दुखत असतील तर आवाजावरून समजतं.

कोणाला गंभीर मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील, तर अर्जात खरं ते लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला, हा काही उपचारांना पर्याय नाही. सुट्टी मात्र १२ दिवसांची धरा, कारण आदल्या संध्याकाळी हजर व्हायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सोडतात. अर्ज ऑनलाइन, जरा आधीच करा. खाली बसायला जमत नसेल तर खुर्ची मागता येते, ज्येष्ठांनी तेवढ्यासाठी अडून राहू नका.