सात महिने, बुटांचा एक जोड आणि माझी उजवी टाच

पहिल्याच महिन्यात मी या बुटांना एक स्टार देऊन मोकळी झाले होते. तो रिव्ह्यू आज बदलतेय. राग बुटांवर निघाला, चूक निम्म्याहून जास्त माझीच होती.

वर्षानुवर्षं बैठं काम, आणि एका सोमवारी अंगात आल्यासारखी रोज पाच किलोमीटर सुरुवात केली, त्यात मधेमधे पळणंही. बाराव्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. दहा-पंधरा पावलं लंगडले, मग दुखायचं थांबलं. म्हणून संध्याकाळी परत पळायला गेले! तिसऱ्या आठवड्यात खुर्चीतून उठतानाही तीच कळ.

शेवटी फिजिओथेरपिस्ट गाठली. दुखत होता तो प्लांटर फॅशिआ, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यातून जाणारा जाड पट्टा. रात्रभर तो आखडलेला असतो, सकाळी पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो. हे सांगून झाल्यावर तिने बुटातलं इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढलं आणि मला त्यावर उभं केलं. सगळ्यात लांब बोट थेट कडेवर! पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मी बूट घेतले सकाळी. संध्याकाळपर्यंत पाय थोडे फुगतात, हे कोणाच्या डोक्यात येतं? नंबर बदलून घेतला.

मोठ्या नंबरात टाच सटकायला लागली. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात वरचं ते भोक, जे आपण कायम रिकामं ठेवतो. लेस त्यात त्याच बाजूने ओवून छोटी कडी ठेवायची, समोरची लेस त्या कडीतून काढून ओढायची. टाच जागच्या जागी बसते. सोल बोटांपाशी वाकतो, मधे पिळायला गेलं तर दाद देत नाही. अगदी हवा तसा. पण इनसोल चौथ्या महिन्यातच टाचेखाली दबलं. साधारण चारशे किलोमीटर झालेत. पळायचे बूट पाचशे ते आठशेच्या दरम्यान बदलतात, हे पाचशेलाच मान टाकतील असं दिसतंय.

नुसत्या बुटांनी टाच बरी झाली असं मात्र समजू नका. पळणं तीन आठवडे बंद होतं. उठायच्या आधी अंथरुणातच पंजाला टॉवेल अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, अर्धा मिनिट, तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, मागची टाच जमिनीला चिकटलेली. संध्याकाळी बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. नंतर दिवसाआड एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. घरात अनवाणी फिरायचं नाही, हे सगळ्यात जड गेलं. सकाळची कळ पूर्ण जायला चार महिने लागले. पाय बधिर होत असेल किंवा सूज उतरत नसेल तर हे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता चार स्टार. एक कापला तो बुटाच्या लेसखालच्या जिभेसाठी, कितीही सरळ करा, दुसऱ्या किलोमीटरला डावीकडे सरकलेलीच असते.