फोंड्यातलं कॉम्प्युटर रिपेअरचं एक दुकान : फॉरमॅट न मारता हँगिंग गेलं
चवथीच्या आधीचा महिना म्हणजे आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांची लगीनघाई, आरत्यांची पुस्तकं, मंडळांच्या पावत्या, नाटकांची हॅन्डबिलं, आणि नेमका त्याच वेळी माझा डेस्कटॉप रुसला. फाईल सेव्ह करायला जावं तर स्क्रीन पांढुरकी, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', माऊसचं चक्र आपलं फिरतंय गरागरा. मी काय करायचो तर सरळ सीपीयूचं बटण दाबून धरायचो, बंद, परत चालू. दिवसातनं पाच-सहा वेळा. एकदा असंच बंद केल्यावर चाळीस पानांची फाईल उघडायलाच तयार नाही, बसलो परत सुखकर्तापासून टाईप करत.

त्याआधी जूनमध्ये एका दुकानात नेला होता (नाव घेत नाही, गावातच राहायचंय), त्याने मशीन चालूसुद्धा न करता सांगितलं व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घालायचं, ८०० रुपये. मारला. आठ दिवस बरा चालला मग ये रे माझ्या मागल्या.

शेवटी प्रेसवाल्याने ह्या दुकानाचं सांगितलं. वरच्या बाजारात, पहिल्या माळ्यावर, जिना एवढा चिंचोळा की समोरून कोणी आला तर एकाने मागे उतरायचं, आणि मी उकड्या तांदळाच्या पोत्यात सीपीयू घेऊन पावसात. आत एक पंचविशीतला पोरगा. त्याचा पहिलाच प्रश्न, "काका, हँग झाला की तुम्ही काय करता?" मी म्हटलं बटण दाबतो. त्याने कपाळाला हात लावला.

मग त्याने माझीच फाईल उघडून मुद्दाम हँग करून घेतली आणि हात बांधून बसला. मी सवयीने क्लिक करायला गेलो तर म्हणे, "नको काका, तुमच्या सगळ्या क्लिकांची मागे लाईन लागते." कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढला, मशीनमध्ये कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी. सीपीयू (म्हणजे आतला प्रोसेसर, आपला डबा नव्हे) ७ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणे प्रोग्राम मेलेला नाही, डिस्ककडून उत्तर यायची वाट बघतोय, आणि खिडकीने पाच सेकंद हूं की चूं केलं नाही की विंडोज तिच्यावर पांढरा पडदा टाकतं म्हणून आपल्याला मेल्यासारखा दिसतो. सत्तर-ऐंशी सेकंदांनी फाईल खरंच सेव्ह झाली! इतकी वर्षं मी जिवंत माणसालाच खांदा देत होतो की काय.

नंतर एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत दाखवली, पिवळ्या रंगात 'कॉशन'. नऊ वर्षांची हार्डडिस्क, सेक्टर म्हणजे तिच्यावरचे माहिती ठेवायचे कप्पे खराब व्हायला लागलेले, तीच जागा ती परत परत वाचत बसते आणि प्रोग्राम तिथेच अडकतो. म्हणजे जूनचे ८०० गेले पाण्यात, खराब डिस्कवर फॉरमॅट मारून ती काय बरी होणार. ह्याने आहे तसा सगळा माल ४८० जीबीच्या एसएसडीवर (फिरती चकती नसलेली नवी, वेगवान डिस्क) क्लोन करून दिला, माझे मराठी फॉन्टसुद्धा जागच्या जागी. मजुरी धरून ३,६०० रुपये. आता मशीन अर्ध्या मिनिटात चालू होतं.

मला आवडलं ते हे की नवीन मशीन गळ्यात मारायला बघितलं नाही. विंडोज १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, हे स्पष्ट सांगितलं, पण लगेच म्हणाला चवथ होऊ दे मग बघू. आणि प्रोग्राम अडकला तर काय करायचं ते व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिलं : आधी थांबा, डिस्क धावत असेल तर धावू दे. डिस्क पण शांत, सीपीयू पण शांत आणि तरी हलत नाही तर मग टास्क मॅनेजरमध्ये एन्ड टास्क, म्हणजे तेवढा प्रोग्राम जबरदस्तीने बंद. टास्कबारच गोठला तर टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोररवर रिस्टार्ट. स्क्रीन काळी पडली तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी, डिस्प्लेचा ड्रायव्हर परत चालू होतो. बटण सगळ्यात शेवटी, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. कार्ड मॉनिटरला चिकटवलंय.

आता तक्रार. दोन दिवस म्हणाला, लागले पाच. खराब डिस्कवरनं कॉपी हळू होते हे मान्य, पण फोन तरी उचलावा ना, मी दोनदा फुकट जिना चढलो. बसायला एक स्टूल, त्यावर पण कुणाचा तरी प्रिंटर. बिल पण मागितलं तेव्हाच दिलं. त्याचा एक स्टार कापला, चार दिलेत. दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, जाताना ते बघून जा आणि जड मशीन असेल तर सोबत कोणाला तरी न्या.