एसआर मोटरला सिरीज की पॅरलल वाइंडिंग? वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये डस्ट कलेक्टरच्या दोन ब्लोअरना एकसारख्या स्विच्ड रिलक्टन्स (एसआर) मोटरी आहेत. स्टेटरला (स्थिर भागाला) 8 दात, रोटरला (फिरत्या भागाला) 6, फेज, म्हणजे आळीपाळीने चालू होणाऱ्या कॉइलच्या जोड्या, चार. रोटरवर ना तार, ना मॅग्नेट. पहिल्या मोटरीत प्रत्येक फेजच्या समोरासमोरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आहेत. दुसरी पावसाळ्याआधी उद्यमनगरात रिवाइंड करताना मुद्दाम पॅरलल करून घेतली. आता दिवाळी उलटली, दोन्ही रोज चालतात.

पॅरलल करताना टर्न दुप्पट आणि तारेचं क्षेत्रफळ निम्मं ठेवलं. त्यामुळे इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) तेवढाच राहिला आणि ड्राइव्हचं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचं, सेटिंग बदलावं लागलं नाही. टर्न तेच ठेवून नुसती जोडणी बदलली असती, तर इंडक्टन्स चौथाई झाला असता. ‘पॅरलल म्हणजे जास्त स्पीड’ असं सांगतात ते तिथे खरं. पण ड्राइव्हच्या त्याच करंट लिमिटवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र घटतो.

खरा फरक आवाजात आहे. फेज चालू झाली की दर वेळी रोटरला ओढीचा एक धक्का बसतो. 1500 आरपीएमला ही मोटर सेकंदाला असे 600 धक्के घेते. स्टेटर आणि रोटरमधली हवेची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे बेअरिंग जरा झिजलं की रोटर एका बाजूला सरकतो. सिरीजमध्ये दोन्ही कॉइलना करंट एकच, म्हणून फट कमी तिकडची ओढ वाढते. पॅरललमध्ये दोन्हींवर व्होल्टेज एकच, म्हणून फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) आणि त्याबरोबर ओढ जवळपास सारखी राहते. फट जास्त तिकडची कॉइल आपणहून जास्त करंट घेते. दोन्हींची बेअरिंग एकाच वेळी बदलली होती. सिरीजवालीची घरघर महिन्यागणिक वाढली, पॅरललवाली आजही शांत आहे. मूळची गुणगुण दोन्हींत आहेच. दर धक्क्याला स्टेटर आत ओढला जातो, त्यातून येणारी ही गुणगुण वाइंडिंग बदलून जात नाही.

वाइंडरने आधीच बजावलं होतं, “साहेब, तार बारीक, टर्न डबल, मजुरी वाढणार.” वाढली. दातांमधली तारेची जागा, म्हणजे स्लॉटही गच्च भरला.

एक धोका गंभीर आहे. पॅरललमध्ये एक कॉइल तुटली तरी दुसरी ओढत राहते, तीही एकाच बाजूला, आणि सगळा भार बेअरिंगवर येतो. सिरीजमध्ये ती फेजच बंद पडते, टॉर्क लगेच अडखळतो, दोष कळतो. म्हणून मी दोन्ही कॉइलच्या लीड (तारांची टोकं) बाहेर काढून घेतल्या आणि क्लॅम्प मीटरने करंट तपासतो. शेतातल्या पंपासारख्या, कुणी रोज बघत नाही अशा ठिकाणी मी सिरीजच ठेवीन.