जळगावातला बोलक्या इंग्रजीचा क्लास: एका निवृत्त कंडक्टरचा अभिप्राय

जळगावात नव्या बसस्टँडपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, कापडाच्या दुकानाच्या माडीवर, मोठ्या माणसांना रोजच्या कामाचं इंग्रजी शिकवणारा एक क्लास चालतो. व्याकरण जवळपास नाहीच. दर आठवड्याला एक जागा घेतात: बँक, औषधाचं दुकान, रेल्वे स्टेशन, सिनेमाचं थेटर. फी अडीच हजार.

मी अमळनेर डेपोत कंडक्टर होतो, आता निवृत्त. मुलगा बंगळुरात नोकरीला. तिकडे गेलो की मुलगा नि सूनबाई दोघंही कामावर, आणि नऊ वर्षांच्या नातवाला सिनेमाला न्यायचं खातं माझ्याकडे. आपल्याकडे खिडकीवर मराठीत बोला नाहीतर अहिराणीत, तिकीट मिळतंच. तिथं मला कन्नड येत नाही आणि हिंदीला उत्तर मिळेलच याची खात्री नाही. मुलगा म्हणतो, मोबाईलवर काढून देतो. पण मोबाईलवर काढलं की तिकिटामागे वरचा आकार वेगळा द्यावा लागतो, आणि जन्मभर तिकिटं फाडलेल्या माणसाला स्वतःचं तिकीट पोराकडून काढून घेणं बरं वाटत नाही. तेव्हा थेटरच्या आठवड्यासाठीच मी हा क्लास लावला.

शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या आहेत, हे आधी सांगतो. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यांनी खिडकी केली आहे. त्या आत बसतात, आम्ही रांग लावतो. मोबाईलवर गर्दीचा गोंगाट लावून ठेवतात, म्हणजे आवाज चढवून बोलायची सवय होते. कुणी गडबडलं की अहिराणीत समजावतात, "घाई नको करू भाऊ, पहिले ऐकी ले." रावेरकडचे एक केळीवाले आमच्या बॅचला होते. ते खिडकीशी गेले की दर ऐकायचे आणि सरळ म्हणायचे, "टू टिकेट्स, थ्री हंड्रेड, फायनल." त्यांचं इंग्रजी मला सगळ्यांत पटलं.

धरणगावच्या एका अंगणवाडीताईंनी विचारलं, "हाफ टिकेट फॉर लेडीज?" एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं भाडं, तेव्हा प्रश्न चुकीचा कसा म्हणणार? सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं, "एनी डिस्काउंट टुडे?" आणि सांगितलं की बऱ्याच थेटरांत आठवड्यातल्या मधल्या वारी दर उतरतो, म्हणून हे विचारायचंच. पोरांचं गणितही तिथं कळलं. एसटीत पाच ते बारा वर्षांला हाफ असतं, मोठ्या मल्टिप्लेक्सांत मात्र तीन वर्षांपुढे सहसा पूर्ण तिकीट. हाफ हा प्रकारच नाही.

खुर्च्यांचा धडा सर्वांत कामाचा. हल्ली खिडकीवरचा कॉम्प्युटर आपल्याकडे वळवून, त्यावर खुर्च्यांचा नकाशा दाखवून विचारतात, कुठली सीट? नकाशात स्क्रीन कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा, नाहीतर मागची समजून पुढची रांग घ्याल. "नॉट इन फ्रंट", "टुगेदर", "आइल सीट प्लीज" ही तीन घटवून घेतली. कडेची खुर्ची माझ्या वयाला बरी पडते. इंटरव्हलची वाट बघत बसणं आता होत नाही.

आता जे खटकलं ते. क्लासमध्ये देतात त्या छापील कागदावरची वाक्यं फार लांबलचक. "एक्स्क्यूज मी, कुड यू प्लीज टेल मी व्हेदर टिकेट्स आर अव्हेलेबल फॉर द इव्हनिंग शो?" एवढं होईपर्यंत मागचे चार जण खाकरतात. चोपड्याच्या गाडीत बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. "चोपडा, दोन फुल एक हाफ" म्हणून सुट्टे पुढे करणाऱ्याचं तिकीट मी आधी फाडायचो, आणि ज्याला गोष्ट सांगायची असायची तो मागे राहायचा. खिडकीमागचा पोरगाही तसाच कावलेला असतो. त्याला चार गोष्टी लागतात: सिनेमा, भाषा, वेळ, माणसं. शेवटी एक प्लीज लावा, पुरे. मॅडमना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, लांब वाक्यानं धीर येतो. मला पटलं नाही.

भाषा हा शब्द कागदावर कुठंच नाही, आणि बंगळुरात पहिला अडसर तोच. एकच सिनेमा एकाच इमारतीत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी अशा चार भाषांत लागलेला असतो. पोस्टर सगळ्यांचं सारखं. नुसतं नाव सांगून तिकीट घेतलं तर तीन तास चित्रं बघत बसावं लागेल. "हिंदी शो, सिक्स थर्टी" असं एका दमात म्हणायला शिकवलंच पाहिजे, आणि "इंग्लिश सबटायटल्स?" हा प्रश्नही.

क्लासमध्ये आपण विचारतो, ते उत्तर देतात. खऱ्या खिडकीवर उलटं झालं. माझं वाक्य संपलं आणि तिकडून भडिमार सुरू: टूडी ऑर थ्रीडी? रिक्लायनर? एनी कॉम्बो? कार्ड ऑर यूपीआय? रिक्लायनर म्हणजे मागं रेलायची खुर्ची. कॉम्बो म्हणजे पॉपकॉर्न नि थंड पेय गळ्यात मारायचं. "नो, ओन्ली टिकेट्स" हे माझं मीच बनवलं आणि ते चाललं. हे चार प्रश्न मॅडमनी गोंगाटात दहादा विचारून घ्यायला हवेत.

चौथी गोष्ट, तो कागद शिळा आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर बारा टक्के जीएसटी असं त्यात छापलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून तो पाच टक्के झाला. शंभरच्या वर मात्र अठराच. वयाच्या खुणाही जुन्याच: यू, यूए, ए. 2024 पासून यूएचे तीन भाग पडलेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे. नातू बरोबर असला की मला याचीच गरज. यूएला आईबापांनी बघून ठरवायचं असतं, पण ए असेल तर अठराच्या आतल्याला दारातूनच परत पाठवतात. "इज इट ओके फॉर अ नाइन-इयर-ओल्ड?" हे वाक्य मी सूनबाईकडून घेतलं, क्लासकडून नाही.

तरी पैसे फुकट गेले म्हणणार नाही. बंगळुरात मी नि नातू मिळून बसलो, हिंदी शो, कडेच्या खुर्च्या, कॉम्बोशिवाय. नातवाला फक्त शेवटचं पसंत पडलं नाही.

ज्यांची मुलंबाळं परराज्यात आहेत त्यांनी लावायला हरकत नाही. शाळेत इंग्रजी बरं असलेल्यांनी अडीच हजार वाचवावेत. फी दोन हप्त्यांत घेतात, पण ते आपणहून सांगत नाहीत, मागावं लागतं. संध्याकाळची बॅच घेऊ नका. लग्नसराईत खालच्या दुकानात एवढी गर्दी होते की जिना चढायलाही रांग लागते, आणि अमळनेरकडे परतायची गाडी हुकते ते वेगळंच.